काटकसर कोणाच्या नावे?

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंदिरातली मंडळी दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी मी टाळतो. आम्ही बँकेतले कारकून. जन्मभर लिहिलं ते व्हाउचरवर आणि लेजरमध्ये, तेही दुसऱ्यांच्या पैशाबद्दल. यंदा म्हणाले, "तुम्ही काटकसरीवर लिहा. महागाईचे दिवस आहेत, नव्या संसारांना उपयोग होईल." म्हणजे घरखर्च कसा भागवावा याचे चार उपाय मी सांगावेत, अशी अपेक्षा असावी.

ते उपाय मला येतात. वर्षाचा गहू आणि तूरडाळ उन्हाळ्यात इतवारीतून एकदम भरावी. भाजी सदरच्या मंगळवारी बाजारातून घ्यावी आणि दिवेलागणीनंतर घ्यावी. उरलेला माल परत न्यायचा नसतो, त्यामुळे भाव उतरतो. कुलरच्या ताट्या दरवर्षी नव्या घेऊ नयेत, वाळा झटकून एक उन्हाळा आणखी निघतो. पापड, सांडगे, कुरडया घरी करायच्या. पगार झाला की आधी आवर्ती ठेवीचा हप्ता भरायचा आणि उरेल त्यात महिना काढायचा. उरलेले पैसे ठेवीत टाकू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाहीत. एवढं केलं की संसार तरतो. आमचा तरला.

पण हे लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की वरच्या यादीतलं एकही काम मी केलेलं नाही. इतवारीतून डाळ मी आणली खरी, पण निवडली, उन्हात घातली, डब्यात भरली ती सौ.ने. मंगळवारीच्या बाजारात संध्याकाळी पिशव्या घेऊन तीच जायची. भर एप्रिलच्या उन्हात गच्चीवर सांडगे घालायचे म्हणजे काय असतं, ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. मी करायचो ते हिशेब. म्हणून यंदा उपाय सोडून एका प्रश्नावर लिहितो. काटकसर हा सद्गुण आहे हे आपण सगळे मानतो. पण कोणाचा?

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी ते घरी आले की जमिनीवर पैशाच्या ढिगाऱ्या मांडायचे: भाडं, किराणा, दूध, शाळा, आणि एक देण्याची. गिरणीच्या फाटकाशी व्याजवाले उभे असायचे. ज्यांनी त्यांच्याकडून एकदा घेतले, त्यांचा पगार फाटकातून बाहेर येईपर्यंत निम्मा व्हायचा. वडिलांनीही एकदा घेतले होते, माझ्या आत्याच्या लग्नात. ते फिटायला सात वर्षं लागली. ती शेवटची ढिगारी ज्या महिन्यात मांडावी लागली नाही, त्या दिवशी घरी शिरा झाला होता. कोणाचं देणं ठेवायचं नाही, हे मी तेव्हा शिकलो. आजही त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. कर्ज काढून सण साजरे करणाऱ्यांची खाती मी काउंटरच्या आतून पाहिली आहेत. काटकसरीला कोणी हसलं तर मला राग येतो.

१९८२ साली बँकेत लागलो, १९८५ मध्ये लग्न झालं, आणि १९८६ च्या १ जानेवारीपासून घरखर्चाची डायरी सुरू केली. डायरीसुद्धा विकत घेतली नाही, बँकेची फुकट मिळायची. राहायला सदर, आणि डायरीत खर्चाची सदरं, असा विनोद मी तेव्हा करत असे. दूध, किराणा, भाजी, वीज, शिक्षण, औषधपाणी, येणंजाणं, आणि शेवटी ‘किरकोळ’. महिन्याच्या ३० तारखेला रात्री बेरीज जुळवल्याशिवाय मी झोपलो नाही. बँकेत संगणक यायच्या आधी लेजर जुळवताना दहा पैशांचा फरक आला तरी आम्ही रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसायचो. ती सवय घरी आली.

एकनाथ महाराजांची गोष्ट मला त्यामुळे फार आवडायची. देवगिरीवर जनार्दनस्वामींनी त्यांना हिशेबाला बसवलं होतं. एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर जागले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसारातली मोठी चूक सापडली तर किती होईल? आम्ही बँकेतले लोक ही गोष्ट सांगायचो ती पहिल्या अर्ध्यापर्यंत. रात्रभर जागून पै शोधणारा साधू म्हणजे आपलाच माणूस. पुढचा अर्धा कानावरून जायचा.

आता २०१६ सालाकडे येतो.

८ नोव्हेंबरला रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँका लोकांसाठी बंद होत्या, १० तारखेला उघडल्या. माझी नोकरीची तीन वर्षं उरली होती, मी कॅश काउंटरला होतो. शनिवार-रविवारही काम केलं. आधी चार हजारांची अदलाबदल, मग साडेचार, मग बोटाला शाई, मग दोन, मग २४ नोव्हेंबरनंतर अदलाबदलच बंद आणि फक्त खात्यात भरणा, तोही ३० डिसेंबरपर्यंत. रोज नवा आदेश यायचा. जेवायला सुट्टी नव्हती.

रांगेत बायका फार होत्या. आधी कधी न पाहिलेल्या. त्यांच्या नोटा मला हातात घेतल्याबरोबर ओळखू यायच्या. पुरुषाच्या नोटेला मधोमध एक घडी असते. या नोटा चार-चार घड्यांच्या, बोटाएवढ्या, आणि त्यांना हळदीचा, डाळीचा, ट्रंकेतल्या डांबरगोळीचा वास. मशीन त्या घेत नसे, हाताने उलगडून मोजाव्या लागत. वर्तमानपत्रांतून विनोद चालले होते की बघा, बायकांचं काळं धन बाहेर पडलं. मीही हसलो होतो.

एक बाई होती, चाळिशीची, गड्डीगोदामाकडची असावी. नोटा काचेखालून आत सरकवल्या आणि हळूच म्हणाली, "साहेब, खात्यात टाकले तं घरी मेसेज जाते का जी?"

मी म्हटलं, "ज्याचा नंबर दिला असेल त्याच्या मोबाईलवर जातो."

"नंबर तं त्याइचाच हाये."

मागून रांग ओरडत होती. मी म्हटलं, बाई, लवकर ठरवा. तिने नोटा परत घेतल्या आणि रांगेतून बाहेर झाली. पुन्हा आली की नाही, आठवत नाही. नियमाप्रमाणे मी उत्तर बरोबर दिलं होतं. तिला भीती सरकारची किंवा इन्कम टॅक्सची नव्हती, हे मात्र मला तेव्हाही कळलं होतं.

त्या वर्षी दत्तजयंती १३ डिसेंबरला होती. १० तारखेचा दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी ईदची सुट्टी, अशा महिनाभरानंतर पहिल्यांदा तीन सुट्ट्या सलग मिळाल्या. गुरुचरित्राचा सप्ताह मी ७ तारखेपासून धरला होता. पहाटे चारला उठून वाचायचो आणि सात वाजता बँकेच्या तयारीला लागायचो. ११ तारीख, रविवार, पाचवा दिवस. त्या दिवशी छत्तीस ते अडतीस हे अध्याय असतात. मी वाचतो, सौ. समोर बसून ऐकते, ही आमची जुनी पद्धत.

पारायण झालं, आरती झाली. ती आत गेली आणि तुरीच्या डाळीचा डबा घेऊन आली. डब्याच्या तळातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पोथीपासून दूर, जमिनीवर ठेवली.

"अहो, हे आता बँकेत भरावं लागेल ना?"

पाचशेच्या ४७ नोटा होत्या. साडेतेवीस हजार.

मी पहिलं वाक्य काय बोललो ते सांगायला मला लाज वाटते, पण या लेखात ते आलंच पाहिजे. मी म्हटलं, "हे डायरीत कुठे आहेत?"

ती म्हणाली, "किराण्यात."

तीस वर्षं ती मला किराण्याचा आकडा दहा-वीस रुपये वाढवून सांगत होती. पुढे पन्नास-शंभर. बँकेत दहा पैशांसाठी रात्री नऊपर्यंत बसणाऱ्या माणसाच्या घरच्या वहीत तीस वर्षं फरक होता आणि दर महिन्याला ती वही जुळत होती.

मी दिवसभर बोललो नाही. संध्याकाळी जुन्या डायऱ्या काढल्या आणि तिला म्हटलं, बस. एवढेच साचले की आणखी होते? तिने सांगितलं. तिच्या आईच्या डोळ्यांच्या औषधाचे पैसे तिकडून जात होते. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीचा गणवेश. मंदिराच्या अन्नदानाची दरवर्षीची पावती. आणि २००६ साली आमच्या मुलीच्या क्लासचे आठ हजार.

या क्लासबद्दल सांगितलं पाहिजे. मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झाली होती आणि तिला सी.ए. व्हायचं होतं. प्रवेश परीक्षेच्या क्लासची फी आठ हजार होती. मी म्हटलं, मी स्वतः बी.कॉम. आहे, घरी शिकवीन, पुस्तकं आणून देतो. ही काटकसर. त्याच्या दोनच वर्षं आधी मुलासाठी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी भरली होती, त्यासाठी पी.पी.एफ. मोडला होता. तो आवश्यक खर्च. मुलगी क्लासला जायला लागली तेव्हा घरात मला सांगण्यात आलं की फी तिच्या मामाने दिली. मी समाधान मानलं. मेव्हण्याला "परत करतो" असंही मी म्हटलं नाही. ते साडेआठ मैल दूर राहणारे गृहस्थ दहा वर्षं माझ्या घरी जेवून गेले, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. मुलगी पुढे सी.ए. पूर्ण झाली नाही, एक ग्रुप राहिला. पण ती आज पुण्यात चांगल्या नोकरीत आहे ती त्या पायावर.

आता प्रश्न असा की, ही चोरी म्हणायची का?

सकाळी जपानी गार्डनला आम्ही निवृत्त मंडळी फिरायला जातो. तिथे मी हा प्रश्न ‘एका ओळखीच्या घरातला’ म्हणून टाकला होता. रेल्वेतले एक गृहस्थ म्हणाले, "चोरी ती चोरीच. नवऱ्याला खोटा आकडा सांगणं हे खोटं बोलणंच झालं." शिक्षक होते ते म्हणाले, "चोरी कशाची? ती पगार घेत होती का घरकामाचा? ते तिचेच होते." तिसरे म्हणाले, आपल्याच घरच्या शिल्लकीला काय चोरी म्हणायचं, चला, चहा घ्या. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं आहे.

कायद्यानेही यावर डोकं खाजवलेलं आहे. इंग्लंडमध्ये १९४३ साली एक खटला झाला. एका बाईने घरखर्चातून वाचवून शंभर पौंडांवर रक्कम सहकारी सोसायटीत ठेवली होती. न्यायालय म्हणालं, घरखर्चाला पैसे नवऱ्याने दिले, तेव्हा वाचलेलेही त्याचेच. तिला काही मिळालं नाही. १९६४ मध्ये त्यांनी कायदा केला की अशी बचत दोघांची निम्मी-निम्मी. आपल्याकडे नोटाबंदीच्या वेळी सरकारने सांगितलं होतं की गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरणा केला तर चौकशी होणार नाही. तरी ग्वाल्हेरच्या एका गृहिणीला तिच्या २ लाख ११ हजार ५०० रुपयांबद्दल नोटीस गेलीच. ते प्रकरण आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठापुढे गेलं आणि जून २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं बाजारहाटातून, भेटीदाखल मिळालेल्या पैशांतून वाचवलेलं ते त्यांचं उत्पन्न धरता येणार नाही, असा त्याचा आशय. मी ती बातमी कापून डायरीत चिकटवली आहे.

पण माझा प्रश्न कायद्याचा राहिला नव्हता. ती खोटं का बोलली, हे मी स्वतःलाच विचारत होतो, आणि उत्तर डायरीतच होतं.

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतात की जमा असेल तिथे नावे असतंच. एका बाजूला पैसे आले तर दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी नावे पडतात, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. मी बचत जमेला धरत गेलो, माझ्या नावाने. लोकही म्हणायचे, बघा, कारकुनी पगारात घर बांधलं, दोन मुलं शिकवली. नावे कोणाच्या पडत होती ते मी कधी लिहिलंच नाही. त्या रविवारी रात्री मी एक उद्योग केला. गेल्या वर्षांतले ‘टाळलेले खर्च’ आठवतील तसे कागदावर मांडले आणि प्रत्येकापुढे लिहिलं की कोणाचा टाळला. तिचा चष्मा एक वर्ष पुढे ढकलला होता. तिच्या माहेरचं लग्न, प्रवासखर्च नको म्हणून मी एकटाच जाऊन आलो. मिक्सर, जेव्हा शेजारी सगळ्यांकडे होता. मुलीचा क्लास. माझ्या नावापुढे दोनच गोष्टी आल्या, स्कूटर दोन वर्षं उशिरा घेतली आणि एक स्वेटर.

आणि ‘किरकोळ’? तेही सांगून टाकतो. त्या सदरात माझा खर्रा होता. नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवसाला दोन, पाच-पाच रुपयांचे. वर्षाचे ३६५० झाले. सव्वादोन वर्षांचा खर्रा म्हणजे मुलीचा एक क्लास. २०११ मध्ये डॉक्टरांनी तोंड तपासून दम दिला तेव्हा सुटला. तोपर्यंत पंचवीस वर्षं तो डायरीत ‘किरकोळ’ होता, कारण सदराला नाव द्यायचं काम माझ्याकडे होतं.

काटकसर आणि चिक्कूपणा यांत फरक काय, असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, अनावश्यक खर्च टाळणं ही काटकसर आणि आवश्यक खर्च टाळणं हा चिक्कूपणा. मीही शाखेतल्या पोरांना हेच सांगत आलो. हे उत्तर अपुरं आहे. आवश्यक काय, हे ठरवणारा जर एकच माणूस असेल, तर त्याचं सगळं आवश्यक निघतं आणि दुसऱ्यांचं सगळं अनावश्यक.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवंतीनगरच्या एका श्रीमंत ब्राह्मणाची कथा आहे. नाथांनी ती एकनाथी भागवतात तेविसाव्या अध्यायात विस्ताराने रंगवली आहे, पुढे तो भिक्षू होतो आणि भिक्षुगीत म्हणतो तीच. मी ती पूर्वीही वाचली होती आणि हा कंजूष माणूस कोणी दुसराच आहे असं समजून वाचली होती. मला वाटायचं, कंजूष म्हणजे देवाला आणि भिकाऱ्याला न देणारा. आपण तर मंदिरात वर्गणी देतो. पण मूळ कथेत त्याच्यावर नाराज कोण कोण झालं त्यांची यादी आहे आणि तिच्यात मुलगे, भाऊबंद, नोकर यांच्याबरोबर बायको आणि मुलीही आहेत. मुली! भागवतकारांनी तो शब्द सोडला नाही. माझी नजर मात्र साठी जवळ येईपर्यंत त्यावर अडली नव्हती.

त्याच अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत मधमाशी आहे आणि तिचा मध काढून नेणाराही आहे. माशी साठवते, भोगतो तिसराच. आपण कीर्तनात हे ऐकून मान हलवतो आणि घरी येऊन ठेवीची पावती नूतनीकरणाला देतो. अवधूत संन्यासी आहे. उद्यासाठी काही ठेवू नकोस हा नियम भिक्षेवर जगणाऱ्याचा. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असताना गृहस्थाने तो नियम पाळला तर ती बेजबाबदारी होईल. म्हणून मला माशीचा धडा साठवू नये असा वाटत नाही. मी काउंटरवरून पाहिलेला धडा वेगळा आहे. नवरा गेल्यावर महिन्याभराने बाई बँकेत येते, हातात पिशवीभर कागद. "यांनी कुठे काय ठेवलंय, काही सांगितलं नव्हतं." नामांकन नाही, खातं एकट्याचं, कुठल्या पोस्टात बचतपत्रं आहेत ते माहीत नाही. तो माणूस उधळ्या नसतो. बहुतेक वेळा अतिशय काटकसरी असतो, म्हणून तर कागद एवढे असतात. चाळीस वर्षं जिच्या जिवावर वाचवले तिलाच ते सापडत नाहीत. वाचकहो, अंक वाचून झाला की आपापल्या खात्यांना दुसरं नाव आणि नामांकन आहे का ते तेवढं बघा. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’, असं लिहून द्यायला पैसे लागत नाहीत.

गुरुचरित्राकडे परत येतो, कारण तो रविवार छत्तीस ते अडतीस अध्यायांचा होता. छत्तिसाव्यात परान्न न घेणाऱ्या ब्राह्मणाची कथा आहे. नेम नवऱ्याचा, आणि मन मारायचं ते बायकोने. कथेचा रोख पुढे परान्नाच्या दोषाकडे जातो आणि शेवटी ती बाईच पस्तावते, हे मला माहीत आहे. पण श्रीगुरू सुरुवातीला काय करतात? तिला गप्प बसवत नाहीत. नवऱ्याला बोलावून सांगतात की तिची इच्छा आधी पुरव. त्या सकाळी मी हे मोठ्याने वाचलं होतं, तिच्यासमोर, आणि तासाभराने तिला विचारलं होतं की हे डायरीत कुठे आहे.

अडतिसाव्यात भास्कर ब्राह्मण आहे. गरीब माणूस, तीन माणसांपुरता शिधा गाठीला बांधून गाणगापूरला आला. रोज कोणा मोठ्याची समाराधना असायची, याची पाळीच येईना. तीन महिने तो ते गाठोडं रात्री उशाशी घेऊन झोपायचा. लोक हसायचे. शेवटी श्रीगुरूंनी त्याला स्वयंपाक करायला लावला आणि त्या शिध्यात चार हजार माणसं जेवली. लहानपणापासून मला ती चार हजारांची गोष्ट वाटायची. आता ती उशाखालच्या गाठोड्याची वाटते. भास्करानेही साठवलंच होतं आणि जपलंही होतं. पण ते कोणाला वाढायचंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी सौ.ला विचारलं होतं, की हे उरलेले साडेतेवीस हजार कशासाठी ठेवले होतेस? ती म्हणाली, "गाणगापूरला जायचं होतं ना आपल्याला. तुम्ही दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणता." खरं होतं. आम्ही दरवर्षी कारंज्याला जायचो. नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान, एस.टी.ने एका दिवसात जाऊन येता येतं, मुक्कामाचा खर्च नाही. कारंजा झालं म्हणजे गाणगापूर झाल्यासारखंच, असं मी म्हणायचो. महाराजांच्या दर्शनातही मी स्वस्त पर्याय काढला होता.

१४ डिसेंबरला ती बँकेत आली, दुसऱ्या काउंटरला. माझ्याकडे आली नाही, ते बरंच केलं. तिच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं, पैसे भरले, स्लिप स्वतः लिहिली. मेसेजसाठी नंबर तिचा. तो मोबाईल मुलीने पुण्याहून पाठवला होता.

फेब्रुवारीत गाणगापूरला गेलो, तिकिटं तिच्या खात्यातून काढली. संगमावर स्नान झालं. दुपारी तिथे मधुकरी मागायची पद्धत आहे, पाच घरी. मी म्हटलं, तू माग, मी थांबतो. ती म्हणाली, "तुम्हीच मागा. मी जन्मभर मागितलंच आहे." ती हे चिडून बोलली नाही, भाकरीचं पीठ संपलंय म्हणून सांगावं तसं बोलली. मी झोळी घेऊन एका दारात उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना. वडिलांच्या देण्याच्या ढिगारीनंतर मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान होता. दारातल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, अर्धी भाकरी आणि थोडी भाजी घातली आणि आत गेली. तिला माझं नाव माहीत नव्हतं आणि शिल्लकही. मधुकरी हा शब्द मधुकरावरून आला, भुंगा किंवा मधमाशी, प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेणारी. अवधूताने माशीकडून घेतलेली शिकवण दोन्ही बाजूंची आहे असं मला तिथे वाटलं. ती जेवढं मिळेल तेवढं घेते आणि कुठल्याही फुलाला ओरबाडत नाही. आमच्या घरातलं फूल मात्र मी तीस वर्षं मोजून ठेवलं होतं.

आता निवृत्तीलाही काही वर्षं झाली. पेन्शनमधून दरमहा एक रक्कम तिच्या खात्यात जाते. डायरी चालूच आहे, ती सवय काही सुटत नाही. ‘किरकोळ’ हे सदर मात्र बंद केलं. काटकसरही चालू आहे. यंदा कुलरच्या ताट्या पुन्हा जुन्याच लावल्या, त्याचा त्रास दोघांनाही सारखा झाला. किराण्याचा आकडा ती सांगते, मी लिहितो. मागच्या महिन्यात बेरजेत ३४० रुपयांचा फरक आला. मी दोनदा बेरीज केली आणि डायरी मिटली. दुसऱ्या दिवशी मंगळवारीतून आणलेल्या पोपटाच्या शेंगा सोलता सोलता तिनेच विचारलं, "काल जुळलं का हो?"

मी म्हटलं, "नाही जुळलं."

"बरं," ती म्हणाली, आणि शेंगांचं अर्धं सूप माझ्याकडे सरकवलं.